‘अस्थिर’ म्हणजे नक्की काय हलते आहे?

लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचे 129वे घटनादुरुस्ती विधेयक 17 डिसेंबर 2024 रोजी लोकसभेत मांडले गेले. तेव्हापासून ‘अस्थिरता’ हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो आहे की, त्याचा अर्थ काय, असे थांबून विचारणारा माणूसच वादाला फाटे फोडणारा ठरावा. विधेयकाचे समर्थक म्हणतात की, सततच्या निवडणुका आणि सततची सत्तांतरे यांमुळे देश अस्थिर होतो. विरोधक म्हणतात की, लोकशाही हवी असेल तर थोडीफार अस्थिरता सोसावी लागते. वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोघेही एकाच गृहीतकावर उभे आहेत. सरकार बदलणे आणि राज्य अस्थिर होणे ही एकच गोष्ट आहे, असे दोघेही मानतात. एकाला ती नको आहे आणि दुसऱ्याची तिला नाइलाजाने संमती आहे. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. सरकार बदलण्याला मराठीत सत्तांतर म्हणतात. सरकार कसे बदलावे, केव्हा बदलावे आणि बदलले नाही तर त्याला कोणी जाब विचारावा, हे ठरवणारे नियम जेव्हा डळमळू लागतात, तेव्हाच राज्य अस्थिर झाले असे म्हणावे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. मराठीने या एकाच मुलखात पुष्कळ शब्द करून ठेवले आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मन चंचल असते, पाट डळमळीत असतो, तळ्यात-मळ्यात करणारा आमदार दोलायमान असतो, रस्त्यावर दगडफेक झाली की गावात अशांतता असते, एका घरात दोन चुली झाल्या की दुफळी होते, आणि कोणाचाच हुकूम कोणी मानेनासे झाले की अराजक माजते. यांतला सर्वांत जास्त घोटाळा ‘अनिश्चित’ आणि ‘अस्थिर’ या जोडीत होतो. अनिश्चितता ही आपल्या माहितीची मर्यादा आहे, तर अस्थिरता हा त्या वस्तूचा स्वतःचा गुण आहे. मतमोजणीच्या आदल्या रात्री निकाल कोणालाच ठाऊक नसतो, तेव्हा निकाल अनिश्चित असतो. पण मतमोजणी होणार, हरलेला घरी जाणार आणि जिंकलेला शपथ घेणार, याची खात्री असते, म्हणून व्यवस्था स्थिर असते. उलट निकाल आधीच ठाऊक असलेल्या निवडणुका जगात कमी झालेल्या नाहीत. त्या देशांना आपण स्थिर लोकशाही म्हणू का? ‘स्था’ या एकाच धातूपासून ‘व्यवस्था’ आणि ‘संस्था’ हे शब्द आले, ‘स्थाणू’ म्हणजे झाडाचा वठलेला खुंट हा शब्दही त्यातूनच आला आणि ‘स्थानबद्ध’ हादेखील. उभे राहणे, रुतून बसणे आणि बसवून ठेवणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत, एवढे भान शब्द घडवणाऱ्यांना होते.

हा वाद घटना समितीने टाळला नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो अगदी नेमक्या शब्दांत ठेवला. लोकशाहीतील कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी, परंतु या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन आणि स्विस पद्धतींत स्थैर्य अधिक व जबाबदारी कमी, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक व स्थैर्य कमी, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. अमेरिकेत सरकारचे मूल्यमापन मुदतीनंतर होते, संसदीय पद्धतीत ते प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून रोजचे रोजही होते, हे त्यामागचे कारण त्यांनी दिले होते. म्हणजे आज ज्याला व्यवस्थेतील दोष म्हणून दाखवले जाते, ती पूर्ण विचारांती केलेली निवड होती. ती निवड बदलायची असेल तर बदलावी, घटनादुरुस्तीची तरतूद त्यासाठीच आहे. पण मग ‘आम्हांला जबाबदारी थोडी कमी चालेल’ असे म्हणावे. स्थैर्याची बाजू मांडणाऱ्या भाषणांत हे वाक्य माझ्या तरी कानावर आलेले नाही.

आता विरुद्ध बाजूचे बळ मान्य केले पाहिजे, आणि ते थोडे नाही. जर्मनीच्या वायमार प्रजासत्ताकात 1919 ते 1933 या चौदा वर्षांत वीसच्या आसपास मंत्रिमंडळे झाली आणि शेवटी काय झाले ते जगाला ठाऊक आहे. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकाने 1946 ते 1958 या बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे पाहिली आणि अल्जीरियाच्या प्रश्नावर ते प्रजासत्ताकच कोसळले. इतक्या दूर जायचीही गरज नाही. 1989 ते 1999 या दहा वर्षांत आपल्याकडे पाच लोकसभा निवडणुका झाल्या. 1991 च्या आरंभी परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना चंद्रशेखर सरकारला पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा मांडता आला नाही, कारण बाहेरून दिलेला पाठिंबा केव्हा काढून घेतला जाईल याचा नेम नव्हता. त्या वर्षी देशाचे सोने परदेशात गहाण पडले. सरकार नावाची गोष्ट निर्णय घेण्याइतकी तरी उभी असली पाहिजे, हा या साऱ्यातला धडा खरा आहे, आणि मंत्रिमंडळाच्या रोज बदलणाऱ्या यादीकडे पाहून लोकशाहीचे कौतुक करणारा माणूस त्या सोन्याचा हिशेब देत नाही.

परंतु याच उदाहरणांकडे पुन्हा एकदा, जरा जवळून पाहावे. 1991 च्या जूनमध्ये आलेले नरसिंह राव सरकारही अल्पमतातच होते. त्याच सरकारने जुलैमध्ये आर्थिक धोरणाची दिशा बदलणारा अर्थसंकल्प मांडला, आणि डिसेंबर 1992 मध्ये पंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक स्थान देणाऱ्या 73व्या व 74व्या घटनादुरुस्त्या संसदेत मंजूर झाल्या. चंद्रशेखर सरकारला जे जमले नाही ते याला कसे जमले? बहुमत दोघांकडेही नव्हते. फरक असा की, एका सरकारचे अस्तित्व दुसऱ्या पक्षाच्या लहरीवर टांगलेले होते, आणि दुसऱ्याला पाडायचे तर सभागृहात उघडपणे एकत्र येऊन पाडावे लागले असते. (ते पडू नये म्हणून 1993 च्या अविश्वास प्रस्तावावेळी खासदारांना लाच दिल्याच्या आरोपांचे काय झाले, हे न्यायालयीन दप्तरात आहे, त्या सरकारला मी सोवळे ठरवू इच्छित नाही.) फ्रान्सच्या त्या बदनाम बारा वर्षांत नियोजनाचे काम सुरू राहिले आणि 1957 चा रोमचा तहही झाला, ज्यातून पुढे युरोपचा संघ उभा राहिला. इटलीत 1946 पासून साठाहून अधिक सरकारे आली आणि गेली, आणि पन्नाशी-साठीच्या दशकांत त्याच इटलीने औद्योगिक भरभराट पाहिली. वायमारबद्दल तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. 1930 नंतर तिथले चान्सलर संसदेच्या बहुमताशिवाय, राज्यघटनेच्या 48व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार करू लागले, आणि तेही स्थैर्याच्याच नावाखाली. मंत्रिमंडळे पडत होती तोवर प्रजासत्ताक आजारी होते. ती पडू नयेत म्हणून नियम वाकवले गेले, तेव्हा ते मरणपंथाला लागले. युद्धानंतर जर्मनांनी जो उपाय केला तोही बोलका आहे. त्यांनी पाच वर्षांची हमी दिली नाही, तर नवा चान्सलर निवडल्याशिवाय जुन्याला हटवता येणार नाही, असे 1949 च्या मूलभूत कायद्याच्या 67व्या कलमात लिहिले. म्हणजे सत्ता बदलण्याचा रस्ता बंद न करता पक्का केला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विधेयकाच्या कसोटीवर आमची 2019 ते 2024 ही पाच वर्षे अगदी आदर्श ठरतात. मध्यावधी निवडणूक झाली नाही, विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली नाही, सारे पंचांगाप्रमाणे पार पडले. त्या पाच वर्षांत राष्ट्रपती राजवट लागली, भल्या पहाटे ती उठवून सकाळी शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसांत गेले, तीन मुख्यमंत्री झाले, दोन मोठे पक्ष फुटले, आणि मूळ पक्ष कोणता हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन दारांत फिरत राहिला. न्यायालयाने 11 मे 2023 रोजी राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता असे म्हटले, पण तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने आधीची स्थिती पुन्हा आणता येत नाही असेही म्हटले. जून 2022 मधील अपात्रतेच्या वादावर अध्यक्षांचा निर्णय 10 जानेवारी 2024 रोजी आला आणि कोणत्याच गटाचा कोणीही आमदार अपात्र ठरला नाही. या निर्णयांतला कोणता बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच: 1985 पासून पक्षांतरबंदीचा कायदा असूनही पक्ष सोडलेला आमदार पात्र की अपात्र, हे जर दीड वर्ष कोणालाच सांगता येत नसेल, तर अस्थिर काय होते? निवडणुकीचे वेळापत्रक, की कायदा? गोव्यात जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आणि सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा सरकार पडले नाही, उलट अधिक भक्कम झाले. ‘स्थिर सरकार’ या शब्दांत हे बसते, आणि मतदाराने ज्याला विरोधी बाकावर बसवले तो सत्ताधारी बाकावर जाऊन बसला, हेही त्यातच बसते.

याच्या उलट टोकाला रोजगार हमी योजना आहे, आणि माझ्या मते या वादातले ते सर्वांत उपयोगी मराठी उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्यभर आकाराला आली. नंतर शंकरराव चव्हाण आले, आणीबाणी आली आणि गेली, वसंतदादा पाटील आले, त्यांचे सरकार पाडून जुलै 1978 मध्ये शरद पवार आले. 1977 मध्ये मंजूर झालेला रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, तेव्हा मंत्रालयात चौथा मुख्यमंत्री बसला होता आणि तोही पाडापाडीतून आलेला. तरी मागेल त्याला काम हे वचन टिकले, त्यासाठी लावलेला व्यवसाय कर टिकला, आणि हजेरीपटावर नाव लागलेल्या मजुराला मुंबईत कोण पडले याची चौकशी करावी लागली नाही. मुख्यमंत्री बदलत होते, नियम उभा होता.

आणि सरकार अगदी पक्के असताना नियम कसा हलतो, हे पाहायचे असेल तर लासलगावला जावे. केंद्रात एकाच पक्षाचे स्पष्ट बहुमत असताना कांद्याची निर्यात सप्टेंबर 2019 मध्ये बंद झाली, पुढे खुली झाली, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंद झाली आणि पुन्हा खुली झाली, ऑगस्ट 2023 मध्ये तिच्यावर 40 टक्के शुल्क आले, डिसेंबर 2023 मध्ये ती परत बंद झाली आणि मे 2024 मध्ये किमान निर्यातमूल्य व शुल्क यांच्या अटींसह उघडली. ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हा सरकारचा हेतू मी वावगा म्हणत नाही. पण चाळीत माल साठवणाऱ्या शेतकऱ्याला ‘देशात स्थिर सरकार आहे’ हे सांगून काय उपयोग? तसेच 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातील सुमारे 86 टक्के मूल्याच्या नोटा एका भाषणाने बाद झाल्या, तो निर्णय तीस वर्षांत प्रथमच एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालेल्या सरकारचा होता; कोणत्याही डगमगत्या आघाडीला तो घेण्याची छाती झाली नसती, आणि त्या एका बाबतीत डगमगणे हा मी गुण समजतो.

इतिहासात मागे गेले तरी हेच दिसते. नोव्हेंबर 1689 मध्ये रायगड पडला, संभाजी महाराजांची हत्या त्याच वर्षी झालेली होती आणि राजाराम महाराज जिंजीला गेले होते. राजधानी नाही, सिंहासन जागेवर नाही, संताजी आणि धनाजी यांचे आपसांत पटत नाही. आजच्या कोणत्याही विश्लेषकाने त्या राज्याला अस्थिर म्हटले असते. तरीही रामचंद्रपंत अमात्य इकडे ‘हुकूमतपनाह’ म्हणून अधिकार चालवत होते, किल्लेदारांना हुकूम पोचत होते आणि ते मानले जात होते. राज्य उभे राहिले. (त्या धामधुमीत माणसे धरून ठेवण्यासाठी वतनांविषयीचे शिवकालीन धोरण सैल करावे लागले, आणि पुढच्या शतकात मराठी राज्य सरदारांत विभागले गेले त्याची एक मुळी तिथे आहे. जिथे नियम हलला, तिथेच भेग पडली.) आता दुसरे चित्र: डिसेंबर 1802 चा वसईचा तह करून दुसरा बाजीराव 1803 मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर पुण्याच्या गादीवर परतला, आणि त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे त्या गादीला कोणीही धक्का लावला नाही. पेशवाईच्या शेवटच्या काळातले सर्वांत निर्वेध आसन ते हेच. पण कंपनीच्या संमतीशिवाय कोणाशी करार करण्याचा अधिकारही त्या आसनाकडे उरलेला नव्हता.

तरीही कोणी म्हणेल की, शब्द थोडा सैल वापरला तर बिघडते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यघटनेतच कोरलेले आहे. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी लागू झाली, तेव्हा 1971 मध्ये 352 जागा जिंकलेले सरकार सत्तेवर होते. त्याहून स्थिर सरकार कोणते? त्या घोषणेला आधार मिळाला तो कलम 352 मधील ‘अंतर्गत अशांतता’ या दोन शब्दांचा. मोर्चे, संप, सभा आणि न्यायालयाचा प्रतिकूल निकाल यांपैकी काहीही त्या पिशवीत मावत होते. म्हणून 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. एका ढिल्या शब्दाची किंमत एकवीस महिने मोजल्यावर आलेले हे शहाणपण आहे. (कलम 355 मध्ये ‘अंतर्गत अशांतता’ अजून तशीच आहे.) न्यायालयाने तर त्याआधीच वाट दाखवली होती. 1965 साली डॉ. राममनोहर लोहियांना स्थानबद्ध करणाऱ्या आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले होते, आणि ज्या भारत संरक्षण नियमाखाली तो काढला होता, त्याला हवी होती ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. कायदा व सुव्यवस्था हे सर्वांत मोठे वर्तुळ, सार्वजनिक सुव्यवस्था हे त्यातले लहान वर्तुळ आणि राज्याची सुरक्षितता हे त्याहून आतले वर्तुळ, असे न्या. हिदायतुल्ला यांनी समजावून सांगितले आणि लोहिया सुटले. एका शब्दाऐवजी त्याच्या भावंडाला बसवल्यामुळे माणूस तुरुंगात जातो आणि तो फरक ओळखल्यामुळे बाहेर येतो, याहून अधिक व्यावहारिक व्याकरण कोणते असेल?

आचारसंहितेमुळे कामे अडतात, खर्च होतो, शिक्षक निवडणुकीच्या कामाला जुंपले जातात, हे आक्षेप मला मान्य आहेत; पण ते गैरसोयीचे आक्षेप आहेत. गैरसोयीला गैरसोय म्हणावे आणि तिच्यावर आचारसंहितेचा कालावधी कमी करण्यासारखे उपाय शोधावेत. शिवाय विधेयकाच्या तरतुदीप्रमाणे सभागृह मध्येच विसर्जित झाले तर नवे सभागृह फक्त उरलेल्या मुदतीपुरते निवडले जाईल. म्हणजे दोन वर्षे उरली असतील तर दोन वर्षांसाठी निवडणूक, आणि मग पुन्हा सर्वांबरोबर. निवडणुका कमी करण्याचा हा कोणता हिशेब? एकत्र निवडणुकांची शिफारस करणाऱ्या रामनाथ कोविंद समितीचा अहवाल 18,626 पानांचा होता. स्थैर्य खरोखरच हवे असेल तर अध्यक्षांनी अपात्रतेचा निर्णय किती दिवसांत द्यावा आणि पर्यायी नेता ठरवल्याशिवाय अविश्वास प्रस्ताव आणता येऊ नये का, हे दोन प्रश्न त्या विधेयकाच्या अग्रभागी असायला हवे होते.

आणि वेळापत्रकाचा एवढा आग्रह असलेल्यांनी एका वेळापत्रकाकडे जरूर पाहावे. मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे त्याच 74व्या घटनादुरुस्तीत लिहिलेले आहे. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे वाद न्यायालयात राहिले, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ राज्याने नेमलेल्या प्रशासकांनी या शहरांचा कारभार पाहिला. अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी आणि ते मंजूर करणारा अधिकारी एकच होता. तिथे फोडाफोड झाली नाही, विश्वासदर्शक ठराव झाला नाही, कोणी कोणाचा पाठिंबा काढला नाही, आणि या शहरांना अस्थिर म्हटलेले मी कुठे वाचले नाही. फक्त रस्ता खोदून ठेवला म्हणून ज्याच्या दारात जाऊन भांडावे, असा नगरसेवक त्या काळात तिथे नव्हता.